पावणेसहाची मांजरी आणि आमच्या वन्सं

तिरकं बोलणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतात. पण चार शब्दांत समोरच्याला आपण आज घराबाहेर पडलोच कशाला असं वाटायला लावणारी माणसं आता उरली नाहीत. आमच्या वन्सं त्या घराण्यातल्या शेवटच्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भावाला म्हणाल्या, "बरी आहे. तू तरी कोण लागून गेलायस." माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे आजवरचं सर्वांत मोठं कौतुक. पेठेतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आता विद्यार्थिनी नाहीत म्हणून सबंध शहर शिकवायला घेतलं. लग्न केलं नाही. एकदा एक स्थळ आलं होतं म्हणतात. पण मुलाने चहा पिता पिता, "भूगोलात मला कधी गोडी वाटली नाही," असं सांगितलं आणि वन्संनी त्याच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलून आत नेली.

नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहात आणि शहरात कुठेही जायचं झालं तरी बसनेच जात. रिक्षात बसणं म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याच्या दारात जाऊन शरण येणं. एकदा पाय मुरगळला, घोटा कलिंगडाएवढा सुजला, तरी दोन बस बदलून हाडाच्या डॉक्टरकडे गेल्या आणि डॉक्टरांनी, "आजी, असं चालत कशाला आलात?" म्हटल्यावर, "चालत नाही, बसने आले. आणि आजी तुमची घरी असेल," असं सांगून मग पाय पुढे केला. इतर लोक रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जातात, वन्सं कुठलीतरी बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जात, तिथे उभ्याउभ्या एक चहा घेत आणि त्याच बसने परत येत. "काय बघितलंत?" असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. "शहर कुठे संपतं ते बघून आले. गेल्या वेळेपेक्षा पुढे सरकलंय." धायरी, वाघोली, मांजरी, सगळी टोकं त्यांनी अशी तपासून ठेवलेली होती.

थांब्यावर एकटं माणूस असलं तरी त्याने रांगेत उभं राहिलं पाहिजे, असा त्यांचा दंडक. तो एकटा माणूस आपला चार पावलं इकडेतिकडे करू लागला की, "एका जागी उभं राहायला पैसे पडतात का हो?" पर्समध्ये खडू असे. बसथांब्याच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की चवड्यांवर उभ्या राहून ती सुधारत. आणि एक वही होती. तिच्यात त्यांनी बसगाड्यांची हजेरी मांडलेली असे, अगदी शाळेतल्यासारखी: हजर, उशिरा, गैरहजर. महिना संपला की त्या वहीची नक्कल बसच्या मुख्य कचेरीत जाई, सोबत शेरा: "प्रगती असमाधानकारक. पालकांनी येऊन भेटावे." बारा वर्षांत एकही पालक आला नाही.

आणि शहराला नेमकं त्याच वेळी बसचं वावडं झालं. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, माझा मुलगा इंजिनियर होऊन तिथे चिकटला, आणि त्याच्यासारख्यांना गल्लीच्या तोंडाशी उचलायला वातानुकूलित गाड्या येऊ लागल्या. ज्या रस्त्यावर वन्संच्या बसला वळायला जागा नसे, तिथे या गाड्या बरोबर आडव्या उभ्या राहात आणि आतली पोरं कानात बोळे घालून झोपलेली असत. ज्यांना कंपनीची गाडी नव्हती त्यांनी हप्त्यावर दुचाक्या घेतल्या. मीसुद्धा विमा कचेरीत जायला स्कूटर घेतली, तेव्हा वन्संनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "छान. आता तुला कुणाशी दोन शब्द बोलायची गरज नाही."

सगळ्या शहराने बसकडे पाठ फिरवल्यावर बस सुधारायची कळकळ अर्थातच सगळ्या शहराला आली. मोठ्या लोकांनी एक सल्लागार कंपनी नेमली, आणि एक दिवस वन्संच्या दारात नागरिकांचं मत अजमावण्याचा छापील फॉर्म पडला. वीस प्रश्न. 'आपण बससेवेबाबत किती समाधानी आहात? एक ते पाच गुण द्या.' वन्संनी चष्मा लावला, तांबडं पेन काढलं, आणि फॉर्म न भरता तपासला. पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं, 'कोणती बस? किती वाजता? प्रश्न संदिग्ध.' सातव्यासमोर, 'हाच प्रश्न तिसराही आहे. लक्ष कुठे आहे?' शेवटी शंभरपैकी एकवीस गुण दिले, 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला, आणि तो कागद स्वतः नेऊन कचेरीत दिला. माझा मुलगा पोट धरून हसला. "आत्या, तुला कळत नाही. ते फीडबॅक मागतायत म्हणजे डिसिजन ऑलरेडी झालाय. ही फक्त फॉर्मॅलिटी असते."

"मग फॉर्मॅलिटी तरी नीट करा म्हणावं," वन्सं म्हणाल्या.

मग जाहीर सुनावणी लागली. वन्संनी अकरा पानी निवेदन लिहिलं आणि मला सोबत यायचा हुकूम झाला, कारण विचारलं तर, "तुलाही काही शिकायला मिळेल." आम्ही अर्थात बसने गेलो. सभागृहाबाहेर मोटारींची ही गर्दी! बससेवा सुधारायला आलेल्या नागरिकांना गाड्या लावायला जागा मिळेना म्हणून दारातच दोन भांडणं चालली होती. आत व्यासपीठावर बसखात्याचे एक साहेब, आणि शेजारी सल्लागार कंपनीतला टायवाला तरुण. त्याने पडद्यावर शहराचा रंगीत नकाशा दाखवला आणि मराठी क्रियापदांच्या आधाराने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. लांब पल्ल्याचे थेट मार्ग तोडायचे, लोकांनी मध्ये बदलून जायचं, आणि वाचलेल्या गाड्या जिकडे विकास आहे तिकडे, म्हणजे हिंजवडीच्या बाजूला द्यायच्या, असा एकूण अर्थ मला लागला. "धिस इज बेसिकली रूट रॅशनलायझेशन," तो म्हणाला.

"रॅशनिंग म्हणा की सरळ," वन्सं बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आम्हाला सवय आहे."

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, मग घंटी. पण घंटीला माणूस बघून वाजायची सवय होती. एक निवृत्त गृहस्थ बसचा रंग कोणता असावा यावर मनमुराद बोलले. परदेशात मुलाकडे राहून आल्यामुळे तिथल्या बसचा रंग त्यांच्या डोळ्यांत भरला होता. एका बाईंनी कंडक्टरांना योगासनं शिकवावीत असं सुचवलं. एकाने बसमुळे आपल्या मोटारीला अडथळा होतो ही व्यथा मांडली आणि त्याला टाळ्या पडल्या. तेवढ्यात वन्सं उठून उभ्या राहिल्या. "एक विचारते. आज इथे बसने कोण कोण आलंय? हात वर करा." त्यांचा सूर असा होता की साहेबांचाही हात अर्धवट वर जाऊन खाली आला. सबंध सभागृहात तीन हात. एक वन्संचा, एक माझा, आणि मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईचा.

ती बाई तिच्या पाळीला ध्वनिक्षेपकापाशी आली. पन्नाशीची, काटक, हातात कापडी पिशवी. पेठेतल्या एका इस्पितळात आया होती, सुट्टी टाकून आली होती. तिने ध्वनिक्षेपकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि तिचं तोंडच उघडेना. पदराने कपाळ पुसून कशीबशी म्हणाली, "साहेब, मी कमल. मांजरीची. आमची पावणेसहाची बस हाय..." आणि पुढचं विसरली. लोक कुजबुजले. कुणीतरी हसलं. ती पुन्हा म्हणाली, "ती बस हाय म्हणून..." आणि घंटी वाजली. रंगवाल्या गृहस्थांना न सापडलेली घंटी तिला बरोबर सापडली.

"बाई, वेळ संपली आपली," साहेब म्हणाले. "जे काय असेल ते लेखी द्या."

बाई मान खाली घालून परत फिरली, आणि पुकारा झाला तो वन्संच्या नावाचा. आता काय होणार ते मला ठाऊक होतं. अकरा पानं, मुद्दे अ ते ज्ञ. दोन रात्री त्यांनी ती मला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवली होती. वन्सं पुढे गेल्या. जाताना त्यांनी त्या बाईचा दंड धरला आणि तिला सोबत परत नेलं.

"माझी तीन मिनिटं मी ह्यांना देते."

"तसं नियमात नाही," साहेब म्हणाले.

"नियम वाचून दाखवा."

साहेबांनी टायवाल्याकडे पाहिलं, टायवाल्याने पडद्याकडे. नियम कुणाकडेच नव्हता. वन्सं बाईकडे वळल्या. "मान वर कर. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. हं. बस आहे म्हणून काय?"

बाईने वन्संकडे पाहिलं. त्या नजरेसमोर आम्ही सगळेच खरं बोलतो. "बस हाय म्हणून नोकरी हाय, बाई," ती म्हणाली. आणि मग बोलत गेली. सातला ड्यूटी. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. थेट बस काढली तर हडपसरला उतरायचं आणि दुसरी धरायची. "पण हडपसरला दुसरी भरून येती. आन भरलेली बस थांबत न्हाई. ती थांबली न्हाई तर मी काय करायचं, येवढंच इचारायला आले."

टायवाला तरुण मात्र सफाईने म्हणाला, की सर्व्हेनुसार त्या रूटला डिमांडच नाही.

"सर्व्हे किती वाजता केलात?" वन्सं.

त्याने कागद पाहिले. "इलेव्हन टू वन."

"पावणेसहाची बस अकरा वाजता मोजलीत?" वन्संनी वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीला द्यावं तसं त्याला एक क्षण सावरायला दिलं. "असू दे. गुरुवारी पावणेसहाला मांजरीच्या थांब्यावर या. मी असेन." एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तो बरं म्हणाला. अकरा पानं वन्संनी पर्समध्ये ठेवली, आणि ती पुढे कुणी वाचली नाहीत.

बुधवारी वन्सं आमच्याकडे आल्या आणि एक अडचण निघाली. पावणेसहाला मांजरीत उभं राहायचं तर शहरातून तिथे त्याआधी पोचवणारी बसच नव्हती. मुलगा म्हणाला, "आत्या, मी ऑफिसची कॅब सांगतो." वन्संनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फोन खिशात घालून आतल्या खोलीत गेला. संध्याकाळच्या बसने आम्ही दोघी कमलबाईंकडे मुक्कामाला निघालो. मला पुन्हा सोबत का, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं.

उसाच्या शेतांना लागून नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये कमलबाईंचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर मोगऱ्याची चार फुलं. कमलबाई पार भांबावून गेल्या होत्या. "बाई, आमच्यात चालंल का तुम्हाला?" त्यांनी दारातच विचारलं. मी धास्तावून वन्संकडे पाहिलं. कारण माझ्या घरी वन्सं कप स्वतः पुन्हा विसळल्याशिवाय चहा घेत नाहीत, आणि माझ्या भाकरीला त्यांनी एकदा 'पाटी' म्हटलेलं आहे.

"भूक लागल्यावर न चालायला काय झालं?" वन्सं म्हणाल्या, आणि पाट ओढून बसल्या. भाकरी, पिठलं, कांदा. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी मागून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघून ठेव. अशी पातळ." कप विसळायचं त्यांना त्या संध्याकाळी आठवलंच नाही. जेवणानंतर कमलबाई आणि त्या बराच वेळ बोलत बसल्या. कमलबाईंना नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी नर्सिंगला होती, तिची सगळी भिस्त या एका पगारावर. वन्सं मध्ये मध्ये "हं" म्हणत होत्या. त्या एवढा वेळ ऐकून घेऊ शकतात, हे मला घरात इतकी वर्षं काढून ठाऊक नव्हतं.

सकाळी थांब्यावर पोचलो तर अंधार विरळ होत होता आणि चाळीस-एक माणसं आधीच उभी. फुलांच्या पाट्या घेतलेल्या बायका, दोन नर्सेस, पहारा करून निघालेले वॉचमन, झाडूवाल्या, पुस्तकं छातीशी धरलेल्या दोन मुली. वन्संनी पाच मिनिटांत त्या सगळ्यांची रांग केली. टायवाल्याचा पत्ता नव्हता. बस आली, सगळे चढले, वन्संना कुणीतरी जागा दिली ती त्यांनी एका फुलवालीला दिली. पुढच्या दोन थांब्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि तिसऱ्या थांब्यावर तो दिसला. त्याच्या चालकाने मोटार भलत्याच थांब्यावर नेऊन उभी केली होती. बस येताना पाहून तो रस्त्यात उतरला, एका हातात फाइल, दुसरा हात वर. टाय वाऱ्याने खांद्यावर गेलेला. वन्सं ओरडल्या, "अहो, थांबवा! तो आपला माणूस आहे!"

"बाई, जागा कुठं हाय?" कंडक्टर म्हणाला, आणि दोनदा घंटी मारली. बस त्याच्या नाकासमोरून निघून गेली. मागच्या काचेतून तो लहान होत होत गेला, हात अजून वरच.

वन्सं माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. त्या हसल्या. मोठ्याने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. "झाला सर्व्हे," त्या म्हणाल्या.

त्या टायवाल्याला मी श्रेय देते. दुसऱ्या दिवशी तो वन्संच्या घरी तीन जिने चढून आला, आपल्याला बस मिळाली नाही हे त्याने कबूल केलं, आणि अहवालात पावणेसहाची थेट मांजरी 'प्रायोगिक तत्त्वावर' ठेवायची शिफारस केली. बाकी सगळं आधी ठरलं होतं तसंच झालं. अहवालाची एक प्रत वन्संना आली, त्यांनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून ती परत धाडली. मात्र पावणेसहाची होती त्या पानावर त्यांनी लाल शाई लावली नाही.

चार-पाच वर्षं ती बस चालली. वन्संचे गुडघे त्याआधीच संपले. तीन जिने जमेनात म्हणून आम्ही त्यांना पौड रस्त्यावर आमच्याकडे आणलं, आणि त्या खिडकीत बसून खालच्या रहदारीला नावं ठेवू लागल्या. रविवारी सकाळी कमलबाईंचा फोन येई. त्यांची मुलगी नर्स झाली, तिचं लग्न झालं, सगळं वन्संना त्या फोनवर कळे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी फोन आला. वन्संना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून मी तो मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"बस येते ना गं वेळेवर?" नेहमीचा प्रश्न.

"येती की बाई. अगदी टायमात येती."

"टायमात? कमल, आपली बस टायमात कधी आली होती?"

पलीकडे कमलबाई खाकरल्या.

"कधी बंद केली?"

"दिवाळीच्या आधी, बाई."

"मग जातेस कशी?"

"साडेचारला निघते. चालत जाते फाट्यापर्यंत, मग मिळंल ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे गुडघे, बाई. तुम्ही उगा जीवाला लावून घ्याल."

वन्संनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सुनावणी घेतली होती?"

"न्हाई. एक दिवस आली न्हाई. दुसऱ्या दिशी पण न्हाई. मग आलीच न्हाई."

वन्संनी फोन माझ्याकडे दिला. मी कमलबाईंशी काहीतरी बोलले आणि ठेवला. मला वाटलं, आता सुरू होईल. बसवाले, साहेब, सल्लागार, माझा मुलगा, माझी स्कूटर, सगळ्यांचा उद्धार होईल. मी ऐकायच्या तयारीने समोर बसलेसुद्धा. पण त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

"विचारायचं तरी होतं," एवढंच म्हणाल्या.

मी चहा केला. त्यांनी तो कप न विसळता तसाच घेतला. कप खाली ठेवून खिडकीबाहेर पाहात त्यांनी विचारलं, "इथून मांजरीला जायचं झालं तर आता कशी जाते गं बस?"

वन्संनी मला रस्ता विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मला तो सांगता आला नाही.